चावडीवरचा पहिला मान

"वाच बघू, कुणाचं लग्न आहे ते."

माझे हात पिठात होते. तव्यावर भाकरी होती आणि शेजारच्या आक्का दारातूनच पत्रिका देऊन गेल्या होत्या. मयूरेश ओट्याला टेकून शेंगदाणे खात उभा होता. त्यानं पत्रिका उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं, "आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रूपाली हिचा शुभविवाह..."

खणखणीत आवाज. कुठं अडखळणं नाही. सौभाग्यकांक्षिणी म्हणताना भल्याभल्यांची जीभ वळत नाही, आणि हा तिसरीतला पोर घडाघडा म्हणतोय. भाकरी थापता थापता मी मनात म्हटलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकत नाहीत म्हणणाऱ्यांना आणून बसवा इथं.

मग हात थांबले. आक्कांच्या रूपालीचं लग्न दिवाळी झाल्यावर लगेच झालं होतं. मी स्वतः जेवून आले होते, आणि तेव्हाची पत्रिका घरात मीच मोठ्यानं वाचली होती.

पिठाच्या हातानंच पत्रिका ओढून घेतली. वास्तुशांतीची होती. रूपालीचं नाव औषधालासुद्धा नव्हतं.

"मयू, रूपाली कुठं लिहिलंय?"

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं, मग पत्रिकेकडं. आणि अगदी भरवशानं एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं 'श्री सत्यनारायणाची महापूजा' असं छापलं होतं.

भाकरी करपली. मी गॅस बंद केला आणि त्याचं तिसरीचं पुस्तक काढलं. मुंग्यांचा धडा दिला. वाहत्या पाण्यासारखा वाचला. मग शाळेतल्या पिंगळे गुरुजींकडून चाळायला आणलेलं चौथीचं पुस्तक होतं, ते मधूनच उघडून पुढं ठेवलं. पहिल्या ओळीतला 'पाटील' त्यानं कसाबसा लावला, पुढं काही नाही.

"एकदा तू वाचून दाखव ना," तो म्हणाला, "मग मी वाचतो."

हे वाक्य मी हजारदा ऐकलं होतं. किती गोड मागतो म्हणून हजारदा वाचून दाखवलंही होतं. त्या दिवशी ते ऐकून मी पुस्तक मिटलं.

आता आमच्या शाळेचं सांगते, म्हणजे माझा जीव का उडाला ते कळेल. बोरजाईवाडीची शाळा दोन शिक्षकांची. पिंगळे गुरुजी मुख्याध्यापक, त्यांच्याकडं दुसरी आणि चौथी. माझ्याकडं पहिली आणि तिसरी. एका भिंतीकडं तोंड करून पहिलीला 'घर, बदक' शिकवायचं आणि दुसरीकडं वळून तिसरीची जोडाक्षरं, हातच्याची वजाबाकी, घड्याळ आणि आपला जिल्हा. फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली तसा आमचा पट घसरला. आणखी घसरला तर एक शिक्षक उचलू, असं वरून कळवलेलं. गुरुजींची निवृत्ती दाराशी आलेली. म्हणजे उचलला जाणारा शिक्षक कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तेव्हा मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर फिरले होते. हणमंत शिंगाडे म्हणून एक होते, कोंबड्यांची शेड होती त्यांची. बोलायला फटकळ, पण शब्दाला पक्के. गावात चार माणसं त्यांच्या तोंडाकडं बघून पाऊल टाकायची. त्यांची वेदिका पिवळ्या गाडीनं जायची.

"बाई, तुमचं सोताचं पोरगं कुठं शिकतंय?" त्यांनी अंड्यांचे ट्रे रचता रचता विचारलं.

"माझ्याच शाळेत."

"आज हाय. उद्या थोरलं झालं की बसवशीला गाडीत. मास्तर लोकांची आमाला म्हायती हाय."

"नाही बसवणार. चौथीपर्यंत इथंच. तुमच्या वेदिकाच्या मांडीला मांडी लावून बसेल."

"शब्द?"

"शब्द."

जूनमध्ये वेदिका आमच्या तिसरीत आली. तिच्यामागून आणखी पोरं आली. आमच्याकडं मेंढरांचं आणि माणसांचं सारखंच आहे, एक वळलं की बाकीची बघत नाहीत, वळतात. पालकसभेला मग मला असं स्फुरण चढायचं. रोज अर्धा तास मुलाजवळ बसा, टीव्ही बंद करा, त्याला वाचायला लावा, ऐका. एक बाई म्हणाली, "आमालाच वाचाय येत न्हाय, आमी काय ऐकावं?" मी म्हटलं, नुसतं जवळ बसा हो, त्यानंसुद्धा फरक पडतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

कुणी विचारेल, बाई, तुमच्या डोळ्यांवर काय पट्टी होती? पट्टी नव्हती, पद्धत होती. मी पुढं वाचायचे, मुलं मागून म्हणायची. माझा आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. घरी दुसऱ्या दिवशीचा धडा भाजी निवडताना मोठ्यानं वाचायची मला सवय. म्हणजे शाळेत पोचायच्या आधीच मयूला तो पाठ. वर्गात माझं वाक्य संपायच्या आत त्याचं सुरू व्हायचं, आणि मला वाटायचं, पोरगं हुशार आहे. हुशार होतंच. गुरुजींनी दुसरीत एकदा वाचायला लावलं, त्यानं म्हणून दाखवलं, बरोबरची खूण झाली. बाईंच्या मुलाला पुन्हा कोण विचारतंय.

आणि येत्या शनिवारी चावडी वाचन होतं.

चावडी वाचन म्हणजे काय, तर मुलांनी शाळेत नाही, गावाच्या चावडीवर सगळ्या लोकांसमोर वाचायचं. आईबापांनी कानांनी ऐकायचं, आपलं पोर वाचतंय की नाही. तिसरीची मुलं. केंद्रप्रमुख स्वतः येणार, न वाचलेला उतारा बंद पाकिटातून आणणार आणि डब्यातल्या चिठ्ठ्या काढून नावं पुकारणार. मीच चार ठिकाणी सांगत सुटले होते, या, या, बघायला या, तुमची पोरं कशी वाचतात ते.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे तालुक्याच्या दूध संघात, आकडेमोडीच्या कामावर. कुठल्याही गोष्टीचा हिशेब लावल्याशिवाय घास गिळत नाहीत.

"अगं, मग सोपं आहे. उतारा कुठला ते गुरुजींना विचार. आपलं पोरगं टेपरेकॉर्डर आहे. एकदा ऐकलं की झालं."

"पाकीट केंद्रप्रमुखांकडं आहे."

"मग शनिवारी ह्याला आत्याकडं पाठवू."

"आणि शिंगाड्यांना काय सांगू? शब्द दिलाय, पोरगं कुठंय विचारतील."

मयू ताटात बघत होता. त्यानं भाताचा डोंगर केला, मोडला, परत केला. मग हळूच म्हणाला, "आई, शनिवारी मला ताप येऊ दे का?"

हसावं की रडावं कळेना. मी ओरडले. गप जेव म्हणून ओरडले.

तिथून पुढचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. शाळा सुटली की घरी यायचं, खिडक्या लावायच्या, आक्कांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ लावायचा आणि त्याला पुढ्यात बसवायचं. बाराखडीपासून सुरुवात. मला घाई, आणि घाईत मी कशी होते हे माझ्या पहिलीच्या मुलांना कधी कळलं नाही, ते मयूला कळलं.

"हे काय आहे?"

"क."

"नुसता क? पुढं काय दिसतंय? डोळे आहेत की बटणं?"

"काना."

"मग काय झालं?"

तो माझ्या ओठांकडं बघायचा. ओठ हलतायत का, कुठल्या दिशेनं हलतायत. मी तोंडावर पदर धरून बसायला लागले, तर तो माझ्या भुवया वाचायला लागला. अक्षर सोडून सगळं वाचता येत होतं त्याला. एकदा मी त्याला चापट मारली. वर्गात कधी कुणाच्या पोराला बोट लावलं नाही, आणि माझ्याच पोराच्या गालावर बोटं उठली. तो रडला नाही. "बाई, मी उद्या करतो," म्हणाला.

बाई. घरात. चुकून म्हणाला की मुद्दाम, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

सकाळी तीच मी परत फळ्यासमोर उभी. वेदिका अडखळत, ओठ चावत, एकेक शब्द जोडून वाचायची आणि मी तिला शाबास म्हणायची. तिच्या शेजारी मांडी घालून मयू, मान खाली. कुणालाही सांगायची सोय नव्हती. गुरुजींना सांगावं तर शाळेची अब्रू, शिंगाड्यांना सांगावं तर पट गेला, पट गेला तर मी गेले. न सांगावं तर पोरगं भर चावडीवर उघडं पडणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी गुरुजींना सांगितलंच.

पिंगळे गुरुजी पान जमवत होते. त्यांनी चुना लावायचं थांबवलं नाही.

"मला शंका होती," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं बाई? तुमचाच मुलगा. तुम्हाला दिसत असेल, तुम्ही बघत असाल, असं धरून चाललो." त्यांनी पान तोंडात सारलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. चिठ्ठ्या मी लिहिणार आहे. त्याची चिठ्ठी डब्यात पडणार नाही. एवढी पोरं आहेत, एखादं राहिलं तर कोण मोजतंय."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. वर्गाकडं परत येताना माझे पाय हलके पडत होते. खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी मी खिडक्या उघडल्या, रेडिओ बंद केला, शिरा केला.

"उद्या तुझं नाव येणार नाही," मयूला सांगितलं.

"का?"

"चिठ्ठ्यांचं काय, येतं नाही येतं."

त्यानं शिरा खाल्ला. पण माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, हेही वाचलं ह्यानं.

शनिवारी चावडी भरली. जाजम पसरलेलं, बायका एका अंगाला, गडी दुसऱ्या अंगाला, म्हातारी माणसं भिंतीला टेकून. इतकी माणसं ग्रामसभेलासुद्धा येत नाहीत. केंद्रप्रमुख दडस साहेब खुर्चीवर, टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा, शेजारी पाकीट. साहेबांनी पाकीट सगळ्यांदेखत फोडलं. उताऱ्याच्या दोन प्रती निघाल्या. एक वाचणाऱ्या मुलाला, एक साहेबांकडं. मुलं पुढं ओळीनं बसलेली. मयूचा भांग मीच पाडला होता.

गुरुजींनी डबा हलवला. "आता पहिली चिठ्ठी..."

"गुरुजी, एक मिनिट," हणमंत शिंगाडे उठून उभे राहिले. धुतलेला सदरा, टोपी नवी. पोरीचं ऐकायला नटून आले होते. "चिठ्ठ्या काढा, आमची ना न्हाय. पर आमी आमची पोरं गाडीतनं उतरवली ती बाईंच्या शब्दावर. बाईंनी आपलं पोर आपल्या पोरांत बसवलं. तवा पयला मान त्येंच्या पोराचा. चिठ्ठी नको त्याला. काय म्हंता?"

"बरोबर हाय," भिंतीकडून एक म्हातारा म्हणाला. "मान द्याय पायजे." बायकांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

वाईट बुद्धीनं केलं असतं तर मला भांडता आलं असतं. मानाला काय उत्तर देणार? गुरुजींनी डबा टेबलावर ठेवला आणि छताच्या वाशांकडं बघायला लागले. दडस साहेब कौतुकानं हसले. "ये बाळ," म्हणाले.

मयू उठला. त्यानं चड्डी झटकली, पुढं गेला, कागद घेतला. गावाकडं तोंड केलं. मी मुलांच्या ओळीच्या टोकाला उभी होते, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. त्यानं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी माझा चेहरा दगड करून ठेवला, कारण काय करावं हे मलाच कळत नव्हतं.

त्यानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं.

"एका वारुळात पुष्कळ मुंग्या राहत होत्या. त्यांची राणी फार कष्टाळू होती..."

मुंग्यांचा धडा. आवाज असा लागला होता की मागं बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. स्वल्पविरामाला थांबत होता, प्रश्नाला आवाज चढवत होता. सगळं माझं. मी जिथं श्वास घेते तिथंच श्वास. बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, बघ कसं वाचतंय. शिंगाडे तर पोटच्या पोराचं ऐकावं तसं ऐकत होते.

उतारा होता सुताराबद्दल. शीर्षक मला जागेवरूनच दिसत होतं.

दडस साहेबांनी आपल्या हातातला कागद बघितला. मयूकडं बघितलं. मग गुरुजींकडं, मग माझ्याकडं. जाणता माणूस. त्यांनी आपला कागद हळूच टेबलावर पालथा घातला आणि चष्मा पुसायला घेतला. झालं, म्हणजे साहेबांनीही पोटात घातलं. गुरुजी वाशांकडं, साहेब चष्म्याकडं, गाव कौतुकात. मी फक्त उभं राहायचं होतं. धडा संपला असता, टाळ्या पडल्या असत्या, शाळा टिकली असती.

पण माझी नजर त्याच्या बोटावर होती. धडा म्हणता म्हणता बोट ओळीवरून फिरत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर, अगदी मी शिकवलं तसं. सुताराचा उतारा आखूड होता. बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचलं. मुंग्या अजून बऱ्याच राहिल्या होत्या. तो क्षणभर थांबला, आणि त्यानं बोट गुपचूप उचलून परत पहिल्या ओळीवर ठेवलं. आवाज तसाच खणखणीत, पण कपाळावरून घाम ओघळून भुवईत आला होता.

किती वर्षं करत होता हे? पहिलीपासून? रोज, माझ्यासमोर, एवढं सांभाळून? मी सरळ सांगते, शाळा, पट, शब्द, काही आठवलं नाही मला त्या वेळी.

"मयू, बस," मी म्हणाले.

शाळेत मी त्याला मयूरेश काळेल म्हणायची. सगळ्या मुलांनी चमकून बघितलं. तो थांबला.

"कागदावर हे नाही," मी गावाकडं वळून म्हटलं. "कागदावर सुताराचा उतारा आहे. त्यानं म्हटलं ते पाठ आहे. मयूरेशला वाचता येत नाही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"म्हंजे?" शिंगाडे म्हणाले.

"म्हणजे अक्षरं थोडी येतात. शब्द लागत नाहीत."

"तिसरीत?"

"तिसरीत."

"बाईंच्या पोराला?"

मी मान हलवली.

"आवो बाई, तुमी तर घरोघर सांगत फिरला, पोराजवळ बसा, पोराजवळ बसा." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "तुमी बसत न्हवता?"

"बसत होते. रोज बसत होते."

"मग?"

"मीच वाचत होते," मी म्हटलं. "तो ऐकत होता."

शिंगाड्यांनी ओळीकडं हात केला. "वेदे, ऊठ. बाप्पाच्यानं सांगतो, पाठ म्हणलीस तर बघ. कागदावरचं वाच."

वेदिका उठली. मयूनं तिच्या हातात कागद दिला आणि खाली बसला. तिनं ओठ चावला. "सु... सुता... सुतार का... काका," असं रखडत, थांबत, मागं जात तिनं वाचलं. एक ओळ वाचायला इतका वेळ लावला की म्हातारी माणसं चुळबुळायला लागली. पण वाचलं. शिंगाड्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. माझ्याकडं न बघता ते खाली बसले.

मग दडस साहेबांनी चष्मा चढवला आणि चिठ्ठ्या सोडून ओळीनं सगळ्यांनाच वाचायला लावलं. काहींनी वाचलं. काहींनी मुंग्यांचा धडा सुरू केला. अगदी माझ्या आवाजात. एकेका पोराचं ऐकताना मी चावडीच्या खांबाला हात लावून उभी होते. एक आई आपल्या पोराकडं तोंड फिरवून बसली, ते मला अजून दिसतं. सगळं संपल्यावर कुणी माझ्यावर ओरडलं नाही. जाजम झटकलं, गुंडाळलं, माणसं गेली. गुरुजी एवढंच म्हणाले, "बाई, मूठ उघडलीत." रागानं म्हणाले की कसं, मला कळलं नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. पुढच्या जूनला काही पोरं गाडीनं गेली. वेदिका गेली नाही. पट काठावर राहिला आणि काठावरच्या शाळेत मी आणखी काही वर्षं काढली. मयू आता माझ्यापेक्षा उंच झालाय, आणि हे मी लिहितेय म्हटल्यावर नाव बदलू नकोस म्हणाला. पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, घरी आल्यानंतरचं.

वाटेत तो माझ्या पुढं चालत होता. मागं वळून बघत नव्हता. मला वाटत होतं, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही. भर गावात मीच त्याला उघडं पाडलं होतं. ज्याच्यासाठी खिडक्या लावून घेतल्या, रेडिओ लावला, त्याच्यावरचं पांघरूण मीच ओढलं. हे कामावरून यायचे होते. घरात आम्ही दोघंच. मी ओट्यापाशी नुसती उभी राहिले, हात कशाला लावावा सुचेना.

त्यानं हातपाय धुतले. गणवेश काढून खुंटीला लावला. मग येऊन भिंतीला टेकून बसला आणि मी त्याच्या रडण्याची वाट बघत राहिले. त्यानं रडावं, मला मारावं, काहीतरी करावं.

"आई," तो म्हणाला.

"काय रे?"

"आता सगळ्यांना कळलं ना?"

"हो."

"शिंगाडे काकांना पण?"

"सगळ्या गावाला कळलं, मयू."

"आक्कांना?"

"त्या समोरच बसल्या होत्या."

त्यानं विचार केला. आपण कुणाला विसरलो नाही ना, अशा चेहऱ्यानं.

"म्हणजे आता कुणाला कळायचं राहिलं नाही."

"नाही."

तो उठला. कपाटातून पुस्तक काढून आणलं. तिसरीचं नाही, माझ्या पिशवीतलं पहिलीचं. माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि मांडी घालून बसला.

"मग आता शिकव," तो म्हणाला. "आता घाई नाही ना?"

मी खाली बसले. त्यानं पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि बघत राहिला. खूप वेळ बघत राहिला. तो शब्द माझ्या ओठांवर येऊन थांबला होता. मी तोंड मिटून बसले.